महाबळेश्वरचा कातळ विषुववृत्ताच्या पलीकडे गोठला, हे कळलं कसं?

महाबळेश्वर, माथेरान, रायगड, वेरूळची लेणी. ज्या काळ्या कातळात हे सगळं घडलंय तो आज आहे त्या जागी तयार झालेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा म्हणून वर आला, थरावर थर पसरत थिजला. त्या वेळी ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, २५ ते ३० अंश अक्षांशांच्या दरम्यान होती. आज त्याच पट्ट्यात दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन आहे. मुंबई आज १९ अंश उत्तरेला आहे. मधलं अंतर पाच हजार किलोमीटरांहून जास्त भरतं.

खंड सरकतात हे आपण शाळेत एका परिच्छेदात शिकतो आणि मान डोलावून पुढे जातो. पण सहा कोटी वर्षांपूर्वी एखादा डोंगर कुठल्या अक्षांशावर होता हे कुणी मोजलं आणि कशाने मोजलं? तेव्हा बघायला माणूस नव्हता. साक्षीला फक्त दगड होता, आणि दगडाची साक्ष कशी घ्यायची हे समजलं की भूखंडवहनाचा बाकी सगळा विषय आपोआप उलगडत जातो. म्हणून सुरुवात तिथूनच.

हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा बाहेर येतो तेव्हा त्याचं तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस असतं. तेवढ्या उष्णतेत या कणांना चुंबकत्व धरून ठेवता येत नाही. थर गार होत होत साधारण ५८० अंशांच्या खाली आला की ते ज्या दिशेला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र असेल त्या दिशेने चुंबकित होतात आणि तसेच राहतात. नंतर डोंगर कुठेही गेला, तरी कणांची दिशा त्या दगडाच्या संदर्भात बदलत नाही.

आता हे क्षेत्र फक्त उत्तर-दक्षिण नसतं, ते कलतंही. सुई सर्व बाजूंनी मोकळी टांगली तर विषुववृत्तावर ती आडवी राहते, ध्रुवावर सरळ उभी होते आणि मधल्या प्रत्येक अक्षांशावर ठरावीक कोनात झुकते. उत्तर गोलार्धात सुईचं उत्तर टोक जमिनीकडे झुकतं, दक्षिण गोलार्धात तेच टोक आकाशाकडे उठतं. बाजारात मिळणाऱ्या होकायंत्राच्या सुईला दुसऱ्या बाजूने वजन देऊन हा कल मारलेला असतो, म्हणून तो आपल्या नजरेला पडत नाही. हिशोब सोपा आहे: कोनाची टॅन्जंट ही अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट. महाबळेश्वरच्या आजच्या १८ अंश अक्षांशाला हा कोन दीर्घकालीन सरासरीने ३३ अंशांच्या आसपास यायला हवा. दगडात सापडतो तो ४५ अंशांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून जास्त. उलट्या बाजूने गणित केलं की अक्षांश मिळतो पंचवीस ते तीस.

पण उत्तर की दक्षिण? इथे एक अडचण आहे आणि ती सोडवण्याची रीत मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटं होतं. उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या जागी दक्षिण येतो आणि काही लाख वर्षं तसंच चालतं. शेवटची उलटापालट सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीची. सह्याद्रीतल्या खालच्या बऱ्याचशा थरांवर उलट्या क्षेत्राची छाप आहे, महाबळेश्वरच्या माथ्याजवळ ती सुलटी होते. मग दगडातली सुई खाली झुकलेली दिसली तर ती उत्तर गोलार्धात सुलट काळात गोठली की दक्षिण गोलार्धात उलट काळात, हे ओळखायचं कसं? जोडी बघून. उत्तर गोलार्धात ‘उत्तरेकडे आणि खाली’ किंवा ‘दक्षिणेकडे आणि वर’ अशाच जोड्या शक्य असतात. सह्याद्रीच्या दगडात मिळते ती जोडी ‘दक्षिणेकडे आणि खाली’, आणि वरच्या थरांत ‘उत्तरेकडे आणि वर’. या दोन्ही दक्षिण गोलार्धातल्याच. क्षेत्र उलटं असो वा सुलटं, उत्तर एकच येतं. जी गोष्ट घोटाळा करेल असं वाटत होतं तिनेच दोनदा पडताळा दिला.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं? घाटातल्या ताज्या कापलेल्या कातळाला हिऱ्याच्या टोकाच्या ड्रिलने, सतत पाणी सोडत, जेमतेम अडीच सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडतात. आतली दंडगोल कांडी तोडून काढण्याआधी तिच्यावर उत्तर दिशा आणि उभा कोन खुणावून ठेवावा लागतो. कांडी एकदा हातात फिरली की ती मोजून काही उपयोग नाही. उत्तर दिशा ठरवायला पुष्कळदा सूर्याच्या सावलीचा आधार घेतात, कारण ज्या कातळावर उभं राहायचं तोच लोहचुंबकीय, शेजारी होकायंत्र धरलं तर सुई भलतीकडे जाते. उघड्या माथ्यावर वीज पडलेली असेल तर तिथल्या दगडाची जुनी छाप पुसून नवी उमटलेली असते, तो नमुना फेकूनच द्यायचा. प्रयोगशाळेत कांडी टप्प्याटप्प्याने तापवत नेतात, म्हणजे नंतर चढलेलं कच्चं चुंबकत्व आधी गळून पडतं आणि मूळचं शिल्लक राहतं. मोजायचं ते यानंतर.

१९५१ मध्ये केंब्रिजला टेड आयर्व्हिंग नावाचा एक विद्यार्थी होता. भारत खरंच उत्तरेकडे सरकत आला असेल तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये त्याची खूण असली पाहिजे, असं त्याच्या डोक्यात आलं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्याला उचलून धरलं आणि भारतातून मोजके नमुने मागवले गेले. उत्तर आलं ते असं: भारत दक्षिण गोलार्धातून हजारो किलोमीटर वर आला आहे आणि येता येता घड्याळाच्या उलट दिशेला वळलाही आहे. आयर्व्हिंगला केंब्रिजने पीएच.डी. दिली नाही. त्याने ऑस्ट्रेलिया गाठला आणि तिथे काम पुढे चालू ठेवलं.

तेवढ्यात लंडनच्या इंपीरियल कॉलेजात नोबेलविजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांचा गट याच विषयात शिरला होता. त्यांच्या अतिसंवेदनशील मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर, दख्खनचे दगड मोजले गेले आणि १९५६ मध्ये निष्कर्ष छापून आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनीही हे काम हाती घेतलं. १९५८ मध्ये ‘नेचर’मध्ये क्लेग, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे या तिघांच्या नावे राजमहालच्या टेकड्यांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. आज झारखंडात असलेला तो बेसाल्ट सुमारे ११.७ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे सह्याद्रीहून बराच थोरला, आणि त्याचा अक्षांश निघतो ४५ अंश दक्षिणेच्या आसपास. दगड जितका जुना तितका तो दक्षिणेला गोठलेला. दोन बिंदू मिळाले की रेघ ओढता येते.

हे सगळं १९५०च्या दशकातलं आहे हे महत्त्वाचं. कारण त्या काळी खंड सरकतात असं म्हणणारा भूशास्त्रज्ञ युरोप-अमेरिकेत हास्यास्पद ठरत होता.

ती कल्पना मांडणारे आल्फ्रेड वेगेनर मुळात भूशास्त्रज्ञ नव्हतेच. पदवी खगोलशास्त्रातली, पेशा हवामानशास्त्राचा. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टला त्यांनी पहिल्यांदा आपलं म्हणणं मांडलं आणि १९१५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतात हे त्यांच्या आधीही अनेकांनी पाहिलं होतं. वेगेनरांनी त्याच्या पुढे जाऊन विचारलं, की नुसत्या कडा जुळतात, की मजकूरही जुळतो? मेसोसॉरस हा मगरीसारखा दिसणारा, जेमतेम मीटरभर लांबीचा जलचर दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग इथल्याच खडकांत मिळतो, मधला अटलांटिक पोहून जाणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडाचे ठसे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारतात सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मृत्युमुखी पडलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढत आणलेल्या सोळा किलो दगडांतही ते होते.

या पुराव्यातला एक मोठा तुकडा विदर्भात आहे. चंद्रपूरची आणि वर्धा खोऱ्यातली कोळशाची खाण म्हणजे ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलाचा गाळ. तिच्याही खाली तालचेर नावाचा थर आहे, मऊ मातकट दगडात लहानमोठे गोटे विखुरलेले. नदीने आणलेले गोटे आकाराप्रमाणे वेगळे होतात. हे तसे नाहीत, मुठीएवढा आणि माणसाएवढा धोंडा शेजारी शेजारी. असं मिश्रण फक्त बर्फ आणून टाकतो. पैनगंगेच्या खोऱ्यात इरईजवळ या थराखालच्या चुनखडकाचा माथा घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे उठलेले एकोणिसाव्या शतकातच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नोंदवले होते. हिमनदी तळाशी दगड धरून घसरते तेव्हा असे ओरखडे पडतात. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर तापणाऱ्या चंद्रपुरात हिमनदी! सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे तसलेच थर आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. आजच्या नकाशावर ओरखड्यांच्या दिशा मांडल्या तर काही ठिकाणी बर्फ समुद्रातून जमिनीवर चढल्यासारखा दिसतो, आणि ते अशक्य आहे. पण हे सगळे भूभाग दक्षिण ध्रुवाभोवती जोडून ठेवले की एकच हिमटोप तयार होतो आणि ओरखडे त्याच्या मध्यापासून बाहेर जाताना दिसतात. या जोडलेल्या महाखंडाचं गोंडवन हे नावही मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरूनच पडलं.

मग लोकांनी ऐकलं का नाही? ‘द्रष्टा एकटा आणि जग मूर्ख’ अशी गोष्ट सांगायची आपल्याकडे फार हौस. इथे ती अर्धीच खरी आहे. खंड कशाने ढकलले जातात याचं वेगेनरांनी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खंडांना ध्रुवांपासून दूर लोटणारा जोर आणि चंद्रसूर्याची ओढ ही कारणं त्यांनी दिली. हॅरॉल्ड जेफ्रीज या गणिती भूभौतिकतज्ज्ञाने हिशोब करून दाखवला की हे जोर खंड हलवायला अतोनात तोकडे आहेत. जेफ्रीज यांचा तो हिशोब बरोबर होता. खंड समुद्रतळाचा खडक फाडत नांगरासारखे पुढे जातात हे चित्रही टिकणारं नव्हतं. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतंय असं वेगेनरांनी मोजमापांवरून मांडलं, ती मोजमापंच कच्ची होती, खरा वेग वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरांचा. पुरावा भक्कम, यंत्रणा नापास. वेगेनर नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावर, पन्नाशी पूर्ण केल्यावर काही दिवसांतच वारले.

दक्षिणेकडचे भूशास्त्रज्ञ मात्र या कल्पनेला तितके फटकून नव्हते. दक्षिण आफ्रिकेत अलेक्झांडर द्यु ट्वा यांनी ती लावून धरली, आपल्याकडे बिरबल साहनींनी वनस्पतींच्या जीवाश्मांच्या बाजूने तिचा विचार केला. ज्यांच्या पायाखाली ग्लॉसोप्टेरिस होतं त्यांना ही कल्पना इतकी अचाट वाटत नव्हती.

यंत्रणा सापडली ती समुद्राच्या तळाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांवरून ध्वनिलहरी सोडून खोली मोजण्याचा सपाटा सुरू झाला. न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत मेरी थार्प त्या आकड्यांवरून हाताने नकाशे काढत असत. बाई म्हणून त्यांना संशोधन जहाजावर जायला कित्येक वर्षं परवानगीच नव्हती. अटलांटिकच्या मधोमध गेलेल्या डोंगररांगेच्या माथ्यावर सलग एक खोल घळ आहे हे १९५२-५३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं. सहकारी ब्रूस हीझन यांनी आधी ते बायकी बडबड म्हणून उडवून लावलं. मग त्याच घळीवर भूकंपांची केंद्रं रांगेने पडलेली दिसली, तेव्हा त्यांना मान्य करावं लागलं. अशी रांग जगातल्या सगळ्या महासागरांतून जाते, एकूण लांबी सुमारे ६५ हजार किलोमीटर.

हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये त्याचा अर्थ लावला: या घळीतून नवा खडक वर येतो, दोन्ही बाजूंना सरकतो आणि समुद्राचा तळ पसरत जातो. पडताळा द्यायला पुन्हा चुंबकत्वच धावून आलं, आणि तेही आपल्या अंगणात. १९६२ च्या अखेरीस ब्रिटिश जहाज ‘ओवेन’ अरबी समुद्राच्या दक्षिणेला कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय मोजणी करत होतं. आकडे आले ड्रमंड मॅथ्यूज आणि त्यांचा तरुण विद्यार्थी फ्रेड व्हाइन यांच्याकडे. रांगेच्या दोन्ही अंगांना कुठे क्षेत्र जोरकस, कुठे क्षीण. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये मांडलं, की घळीत थिजणारा लाव्हा त्या त्या वेळचं क्षेत्र धरून ठेवतो, क्षेत्र उलटलं की पुढचा पट्टा उलटा बनतो, आणि जुने पट्टे डावीउजवीकडे सारखेच ढकलले जातात. पट्ट्याची रुंदी भागिले उलटापालटीमधला काळ, की सरकण्याचा वेग हातात. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांना हेच सुचलं होतं, त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी साभार परत केला. तीन-चार वर्षांत पॅसिफिकमधून इतके स्वच्छ, दोन्ही बाजूंनी आरशातल्यासारखे पट्टे मिळाले की वाद मिटला. समुद्रतळाचा जवळपास सगळा खडक वीस कोटी वर्षांच्या आतला आहे, जमिनीवर मात्र तीन-चार अब्ज वर्षांचे खडक सापडतात. जुना तळ कुठेतरी गडप होतो, त्याशिवाय हा हिशोब लागत नाही.

इथून पुढे ‘प्लेट’ हा शब्द आला. मराठी पाठ्यपुस्तकात भूपट्ट म्हणतात. प्लेट म्हणजे खंड नव्हे. पृथ्वीचं थंड, कडक, साधारण शंभर किलोमीटर जाडीचं बाहेरचं आवरण मोठ्या सात आणि अनेक लहान तुकड्यांत फुटलेलं आहे. खंड या तुकड्यांवर बसून जातात, नांगरत नाहीत. भारताच्या प्लेटवर अरबी समुद्राचा आणि बंगालच्या उपसागराचा मोठा भागही येतो.

एक गैरसमज मात्र पाठ्यपुस्तकांतल्या रंगीत चित्रांनी पक्का करून ठेवलाय: प्लेटा खालच्या वितळलेल्या लाव्ह्यावर तरंगतात. तसं नाही. खालचं प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, घन खडकच आहे. भूकंपाच्या आडव्या हेलकाव्याच्या लहरी द्रवातून जात नाहीत आणि प्रावरणातून त्या खुशाल जातात. पण प्रचंड उष्णता आणि दाबाखाली घन खडकही वर्षाला काही सेंटिमीटर असा वाहतो. लाव्हा तयार होतो तो ठिकठिकाणी आणि थोडाच.

प्लेट हलवतं कोण? खालचं प्रावरण पाण्यासारखं उकळून तिला वाहून नेतं, हे उत्तर अजूनही सर्रास दिलं जातं. खालचा प्रवाह असतो, पण मोठा जोर प्लेटेच्या स्वतःच्या वजनाचा आहे. समुद्रतळ घळीपासून दूर जाताना थंड होतो, जाड होतो, जड होतो. शेवटी तो दुसऱ्या प्लेटेखाली वाकून प्रावरणात बुडू लागतो. पलंगावरची गोधडी एका कडेने खाली लोंबू लागली की लोंबणारा भाग आपल्या वजनाने बाकीची गोधडी ओढून नेतो, तसा हा बुडणारा पट्टा मागची अख्खी प्लेट ओढतो. ज्या प्लेटांना अशी बुडती कड आहे त्या वेगाने चालतात. जिच्या भोवती अशी कड जवळपास नाही ती आफ्रिकेची प्लेट मंद आहे.

आता भारताची चाल बघू. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन फुटायला लागलं. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटला, नऊ कोटींच्या आसपास मादागास्कर मागे राहिला. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे षट्कोनी खांब त्याच फाटाफुटीच्या लाव्ह्याचे. पुढे आशिया आणि भारत यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली बुडत होता आणि भारताला ओढून घेत होता.

वाटेत ही प्लेट एका तप्त ठिकाणावरून गेली. प्रावरणात खोलवरून वर येणारा उष्ण खडकाचा झोत, तो साधारण जागच्या जागी राहतो आणि वरून प्लेट सरकते. त्यातून दख्खनचा लाव्हा आला. आज उरलेला पसाराच पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरहून जास्त भरते. मग सेशेल्सचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून तुटला. भारत पुढे गेला, झोत मागे जळत राहिला, आणि समुद्रतळावर एक माग उमटला: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस, शेवटी रीयुनियन. दक्षिणेला जावं तसा खालचा ज्वालामुखी खडक तरुण. मॉरिशस एक कोटी वर्षांचंही नाही आणि रीयुनियनवरचा पितों द ला फूर्नेझ आजही भडकतो. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या पायाखालचा दगड आणि त्यांच्या कोकणातल्या मूळ गावच्या डोंगराचा दगड एकाच चुलीतून निघाले, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

दख्खनचा लाव्हा वर आला त्या सुमारास भारताचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्याही वर गेला होता. प्लेटांच्या जगात हा विक्रमी वेग. का, यावर अजून एकमत नाही. कुणी तप्त झोताचा धक्का म्हणतं, कुणी टेथिसचा तळ एकाऐवजी दोन ठिकाणी बुडत होता म्हणून दुहेरी ओढ होती असं सांगतं. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण तो वाद मिटलेला नाही. अंदाजे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाची धडक बसली आणि चाल मंदावली. सुरुवातीला सांगितलेले ५,००० किलोमीटर ६.६ कोटी वर्षांना भागले तर सरासरी साडेसात सेंटिमीटर येते. त्यातला मोठा टप्पा भारताने पहिल्या दीड कोटी वर्षांतच उरकला होता.

खंडाचा खडक हलका, तो समुद्रतळासारखा बुडत नाही. म्हणून धडकेनंतर दोन्हीकडचं कवच दुमडलं, एकावर एक चढलं आणि हिमालय झाला. मधल्या टेथिसच्या तळाचा गाळ त्या घड्यांत वर उचलला गेला. एव्हरेस्टचा माथा समुद्री चुनखडकाचा आहे. आणि आपल्या देवघरातला शाळिग्राम नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रातून येतो. तो फुटलेला असेल तर आत जे चक्र दिसतं ते टेथिसमध्ये पोहणाऱ्या अमोनाइट या शंखधारी प्राण्याचं कवच. प्राणी वाढत जाताना या कवचातल्या खोल्या एकामागून एक भिंतींनी बंद करत जाई.

आज भारत किती वेगाने चाललाय हे मोजायला दगड लागत नाही. बेंगळुरू आणि हैदराबादला सिमेंटच्या खांबांवर कायमचे बसवलेले जीपीएस ग्राहक दररोज आपली जागा नोंदवतात. ती ईशान्येकडे वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास सरकते. शेताच्या सातबाऱ्याला याने काही होत नाही, कारण बांध, शेजाऱ्याची विहीर आणि तालुक्याचं ठिकाण सगळेच एकत्र चाललेत. पण उपग्रहावर चालणाऱ्या नकाशाला फरक पडतो. ऑस्ट्रेलिया वर्षाला सात सेंटिमीटर सरकतो. १९९४ च्या संदर्भावर बेतलेले तिथले अक्षांश-रेखांश १.८ मीटरने चुकायला लागले, तेव्हा त्यांना राष्ट्रीय नकाशाची अख्खी चौकटच पुढे घ्यावी लागली.

भारताच्या या चालीपैकी सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयात अडकतात. तिथे दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घट्ट धरून बसतात, ताण साठतो आणि एके दिवशी सुटतो. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा काठमांडू मिनिटभरात दीड मीटरच्या आसपास दक्षिणेला सरकलं. शंभरेक वर्षांची थकबाकी एका दमात. २००४ च्या त्सुनामीमागेही हेच: सुमात्रा-अंदमानजवळ बुडत्या तळाचा तेराशे किलोमीटर लांबीचा सांधा निसटला.

मग किल्लारी? महाराष्ट्र तर प्लेटेच्या कडेवर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, लातूर-उस्मानाबादकडे सहाच्या वरचा धक्का बसला आणि हजारो माणसं गेली. बरीचशी माळवदाच्या घरांत गेली, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड छप्पर. हा भाग स्थिर मानला जात होता. पण उत्तरेला आशियाला दिलेल्या रेट्याचा ताण फक्त हिमालयात राहत नाही, प्लेट कडक असल्याने तो आतपर्यंत पोचतो. बेसाल्टखाली अब्जावधी वर्षं जुन्या भेगा आहेत. त्यांतली एखादी, शेकडो-हजारो वर्षांतून एकदा, सरकते. अशा ठिकाणी ताण फार हळू साठत असल्यामुळे जीपीएसवरही तो नीट दिसत नाही.

कोयनेचं प्रकरण त्याहून निराळं. शिवाजीसागर भरायला लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सहाच्या वरचा भूकंप झाला. धरणामुळे भूकंप झाला असं म्हणणं अर्धवट आहे. पाणी भेगांत झिरपतं, खडकाच्या दोन पाखांमधलं घर्षण कमी करतं. पण सरकायला लागणारा ताण आधीच साठलेला असावा लागतो, आणि तो प्लेटेच्या चालीतून येतो. जलाशयाची पातळी चढ-उतरते तसे तिथे आजही छोटे धक्के बसतात, सगळे एका आटोपशीर पट्ट्यात. पृथ्वीवर इतक्या ठरल्या जागी भूकंप क्वचितच सापडतात. म्हणून कराडला केंद्र थाटून कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. वरचा सव्वा किलोमीटर दख्खनचा बेसाल्ट लागला, त्याखाली थेट ग्रॅनाइटी पाया. भूकंप होतात ते त्या पायात, आणखी काही किलोमीटर खाली. तिथवर उपकरणं पोचवून धक्का बसण्याआधी, बसताना आणि बसल्यानंतर पाण्याचा दाब किती असतो ते मोजायचं, हा पुढचा बेत.